सोसायटीतल्या मांजरांची नसबंदी करायची आहे, पण पकडायची कशी?

ए_विंग_तळमजला:

नमस्कार. डोंबिवली पूर्वेला आमची तीन विंगची जुनी सोसायटी आहे. मीटररूम, पंपाची खोली आणि मागची बंद पडलेली गॅरेजं एवढ्या जागेत मिळून बारा-तेरा मांजरं राहतात. त्यातली एक तिरंगी भाटी, मुलं तिला चिंधी म्हणतात, वर्षभरात तिसऱ्यांदा व्यायली आहे. पिल्लं आधी मीटररूममध्ये होती, आता कुणीतरी टाकून दिलेल्या वॉशिंग मशीनच्या ड्रममध्ये आहेत. बोके रात्रभर भांडतात आणि जिन्यात मुतून ठेवतात. त्या वासावरून परवाच्या सभेत जे रामायण झालं ते इथे लिहीत नाही. ठराव असा झाला की माणूस बोलावून सगळी उचलायची आणि लांब कुठेतरी सोडायची. मी विरोध केला, तर सेक्रेटरी म्हणाले, "मग तुम्हीच करा काय ते. गणपतीपर्यंत वेळ देतो."

एका दवाखान्याशी बोलले. ऑपरेशन करू म्हणाले, पण मांजर आणून द्यायचं काम आमचं. इथेच घोडं अडलंय. चिंधी आणि एक पांढरा बोका सोडला तर कुणीही हाताला लागत नाही. सासूबाई दूध-पोळी घालतात तेव्हासुद्धा त्या चार पावलं मागे सरल्याशिवाय एकही मांजर पुढे येत नाही. बटाट्याचं पोतं टाकून पकडता येईल असं वॉचमन म्हणतो, मला ते काही पटत नाही. कुणी स्वतः हे केलं असेल तर सांगा. नुसते उपदेश नकोत, सभेत भरपूर मिळालेत.

सडेतोड_६१:

एवढा खटाटोप कशाला? मासळी बाजारापाशी नेऊन सोडा. खायची ददात नाही, तुमचीही कटकट गेली. आमच्या सोसायटीने हेच केलं.

लालबागचा_कंडक्टर:

ताई, मी बेस्टमधून निवृत्त झालेला कंडक्टर. लालबागला चाळीत राहतो. आमच्या दोन चाळी आणि मधलं आवार मिळून जी मांजरं होती ती बहुतेक सगळी आम्ही दोघा-तिघांनी करून घेतली, म्हणून लिहितोय. आधी सडेतोड साहेबांना उत्तर देतो. साहेब, बाजारातली मांजरं परक्या मांजराला उभं राहू देत नाहीत. सोडलेलं मांजर भेदरतं, गाडीखाली जातं किंवा कुत्र्यांच्या तावडीत सापडतं. बरं, त्याने तुमचं आवारही रिकामं राहत नाही. उंदीर आणि उष्टं जिथे आहे तिथे दुसरं मांजर येतंच, आणि येणारं नवं मांजर नसबंदी न झालेलं असतं. तुमच्याकडे पुन्हा आली की नाही ते तुम्ही लिहिलं नाहीत. शिवाय उपाशी मरेल अशा स्थितीत जनावर टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, कलम ११ खाली, गुन्हा आहे. ताई, हे कलम सेक्रेटरींना जरूर दाखवा. कागद दाखवला की मंडळी जरा हळू बोलतात.

आता कामाचं. सगळे पहिला प्रश्न पिंजऱ्याचा विचारतात. पिंजरा म्हणजे शेवटची दहा मिनिटं हो. खरं काम आहे खाणं घालणाऱ्या माणसांना एका वेळेवर आणायचं. तुमच्याकडे सासूबाई घालतात. आणखी कोण कोण घालतं ते शोधा, निदान तिघं-चौघं निघतील. आमच्याकडे एक आजी सकाळी गॅलरीत दूध ठेवायच्या, खानावळीचा पोऱ्या दुपारी माशांची मुंडकी टाकायचा आणि एक गृहस्थ रात्री बायकोच्या चोरून बिस्किटं. असं दिवसभर चरणारं मांजर पिंजऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही. त्याला गरजच काय?

म्हणून सगळ्यांना गाठून एक वेळ आणि एक जागा ठरवा. संध्याकाळी सात म्हटलं की सात. खाणं पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं आणि उरलेलं उचलायचं. दोनेक आठवड्यांत मांजरं घड्याळ लावल्यासारखी येऊन बसतात. त्यातच तुमची मोजणी होते आणि कोण कोण आहे ते कळतं. प्रत्येकाचा फोटो काढून वहीत रंग, नर की मादी, पोटुशी वाटते का, लंगडतं का, सगळं लिहा. तिरंगी दिसली की भाटी समजून चाला, तिरंगी बोका फार क्वचित. नारिंगी असेल तर बहुतेक बोका. वही सोसायटीच्या लोकांनाही दाखवा. "सगळीकडे मांजरंच मांजरं" म्हणणाऱ्यांना आकडा कळला की ओरडा निम्मा होतो. आमच्याकडे तर लोक छातीठोकपणे पन्नास सांगत होते. प्रत्यक्षात त्याच्या निम्मीही नव्हती.

मग आधी दवाखान्याची तारीख घ्या आणि पिंजरा त्यानंतर. आधी मांजर पकडलं आणि डॉक्टर म्हणाले परवा आणा, तर ते दोन दिवस कुठे ठेवणार? डॉक्टरांना स्पष्ट विचारा की रस्त्यावरचं, हात न लावू देणारं मांजर चालेल ना, आणि भूल पिंजऱ्यातूनच देता ना. काही जण होहो म्हणतात आणि मांजर फिसकारलं की "पाळीव असेल तर आणा" म्हणून परत पाठवतात. आमच्यावर ती वेळ आली होती. पिंजरा तसाच टॅक्सीत घालून दुसरा दवाखाना शोधत हिंडलो.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी सातचं खाणं कुणीही घालायचं नाही. पाणी ठेवायचं. इथे आजीबाई फितूर होतात, तेव्हा त्या दिवशी त्यांच्याशेजारी एक माणूस गप्पा मारायला बसवा. हसू नका, आम्ही बसवला होता.

पिंजरा अडीच-तीन फूट लांब आणि फूटभर उंच, आत पाय पडला की मागचं दार पडेल अशा पट्टीचा घ्या. आमिष हुकाला अडकवायचे उंदराच्या पिंजऱ्यासारखे असतात ते नकोत, मांजर लांबूनच तुकडा ओढतं आणि दार शेपटीवर पडतं. तळाला वर्तमानपत्र घाला, जाळी पायाला लागली तर मांजर आत येत नाही. आमिष पट्टीच्या पलीकडे, अगदी टोकाला ठेवा. दारापासून आतपर्यंत चिमूट चिमूट टाकत न्या, पण पोट भरेल एवढं नाही. दूध-पोळीला कोण विचारतंय! मोठ्या मांजरांना दूध बहुधा पचतही नाही, ढाळ लागते. सुकट घ्या, तव्यावर कोरडी भाजा आणि गरम असतानाच ठेवा. तो वास पलीकडच्या गल्लीत जातो. ओला बांगडा पण चालतो.

पिंजरा लावून घरी जाऊन चहा पीत बसायचं नाही. लांब उभं राहून लक्ष ठेवायचं. दार पडलं की मांजर आतल्या आत आपटतं, जाळीवर नाक घासून रक्त काढतं. जाड चादर हातात तयार ठेवा आणि पडल्या क्षणी अख्खा पिंजरा झाका. अंधार झाला की बहुतेक मांजरं मिनिटभरात गप्प होतात. मग काहीही झालं तरी दार उघडायचं नाही, "बघू तरी कोण आहे" म्हणूनसुद्धा नाही. पोत्याचं विसरा. पोत्यात मांजर गुदमरतं आणि पकडणारा फाडून निघतो.

एक राहिलं. आमच्या मोहिमेत सगळ्यांना बोके आधी करायचे होते, कारण आवाज आणि वास त्यांचा. मी भाट्या आधी धरल्या. एक बोका सुटला तरी तो एकटा सगळ्या भाट्यांना पुरतो. एक भाटी झाली की तिची पुढची सगळी वेतं थांबली.

ए_विंग_तळमजला:

काका, मनापासून आभार. खाणं घालणाऱ्यांचं अगदी बरोबर ओळखलंत. आजच चौकशी केली: सासूबाई, दुसऱ्या मजल्यावरच्या आजी, वॉचमन, आणि चक्क ठराव मांडणाऱ्या गृहस्थांच्या मिसेस!

दोन अडचणी आहेत. चिंधी पाजती आहे. पिल्लांचे डोळे उघडलेत, ड्रमच्या काठावर चढायला बघतात, पण खाली उतरत नाहीत. तिचं आत्ताच करावं की थांबावं? आणि एक काळा बोका आहे, डोकं हे एवढं मोठं आणि एक कान फाटलेला. शेजारच्या सोसायटीने पूर्वी पिंजरा लावला होता तेव्हा त्यात अडकून कसाबसा सुटला म्हणे. तो आता जाळीचं काही दिसलं की पळतो.

शिवाय ऑपरेशन झाल्यावर ठेवायचं कुठे? आमचं घर वन बीएचके.

पशुवैद्यक_शेवटचं_वर्ष:

मी पशुवैद्यकीय महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला आहे. अंतिम निर्णय तुमच्या डॉक्टरांचा, पण सर्वसाधारण सांगते.

पाजती भाटीसुद्धा पुन्हा माजावर येऊ शकते. आधीच्या पिल्लांचं दूध सुटायच्या आत पोटुशी राहिलेल्या मांजरी आम्ही नेहमी बघतो. गाभणकाळ साधारण ६३ ते ६५ दिवसांचा, म्हणजे वर्षात तीन वेतं हे नवल नाही. आणि पिल्लू चार-पाच महिन्यांचं झालं की तेही गाभण राहू शकतं. "अजून लहान आहे" म्हणून थांबलं की हिशेब चुकतो.

पिल्लं नुकती चढायला लागली असतील तर चार-पाच आठवडे थांबा. दीड-दोन महिन्यांची होऊन स्वतः खायला लागली की चिंधीला न्या. दरम्यान पिल्लांना माणसांची सवय लावा, रोज हातात घ्या. सात-आठ आठवड्यांच्या आत माणसाळली तर घरं मिळतात. त्यानंतर अवघड जातं. मात्र ती आधीच पिंजऱ्यात सापडली तर डॉक्टरांना पाजती असल्याचं आवर्जून सांगा. तेव्हा कुशीतून छेद घेता येतो, खाली आचळांना धक्का लागत नाही. ऑपरेशनने दूध आटत नाही. शुद्धीवर येऊन नीट चालायला लागली की तिला लवकरात लवकर पिल्लांकडे सोडायचं. कुठलीही अनोळखी भाटी पिंजऱ्यात आली तर चादर जरा वर करून पोटाकडे बघा. आचळांभोवतीचे केस गेलेले आणि आचळं फुगीर गुलाबी दिसली तर कुठेतरी पिल्लं वाट बघतायत.

मोठ्या मांजराचं पोट भुलीआधी रात्रभर रिकामं हवं, नाहीतर भुलीत उलटी होऊन श्वासनलिकेत जाऊ शकते. लहान पिल्लांना मात्र इतका वेळ उपाशी ठेवायचं नाही, त्यांच्या अंगातली साखर झपकन उतरते. त्यांची वेळ डॉक्टरांना विचारा.

भुलीनंतर डोळे उघडेच राहतात, घाबरू नका. अंग गार पडतं म्हणून खाली गोणपाट किंवा जुना टॉवेल घाला, पंखा नको. तोल सावरून उभं राहीपर्यंत खायला देऊ नका. आणि कृपा करून कुणीही "दुखत असेल बिचारीला" म्हणून क्रोसिन देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, थोडंसंही जीव घेऊ शकतं.

भूल उतरायच्या आतच रेबीजची लस टोचून घ्या. पुन्हा ते मांजर हाताला लागेलच असं नाही.

कोथरूडची_रमा:

सगळं ठीक, पण नसबंदी झाल्याची खूण म्हणून कानाचं टोक कापतात ते मला बघवत नाही. आमच्या गल्लीत तसं मांजर आहे, वाईट वाटतं बघून. गळ्यात पट्टा बांधला तर नाही का चालणार?

पशुवैद्यक_शेवटचं_वर्ष:

रमाताई, रस्त्यावरच्या मांजराला पट्टा म्हणजे फास होऊ शकतो. गजात, फांदीत अडकतो, आणि मांजर वाढलं की गळ्यात रुततो. डाव्या कानाचं सेंटिमीटरभर टोक भुलीतच सरळ कापतात, तेव्हा त्याला काही कळत नाही. फायदा असा की वीस फुटांवरून दिसतं. कुशीतला व्रण केसांत लपतो. कान बघून सोडून दिलं नाही, तर त्याच भाटीला पुन्हा उपाशी ठेवून, पुन्हा भूल देऊन, पोट उघडल्यावर कळतं की आधीच झालंय. तसं एकदा टेबलावर पाहिलं आहे.

लालबागचा_कंडक्टर:

डॉक्टरबाईंनी छान सांगितलं. क्रोसिनचं तर मोठ्या अक्षरांत लिहून सोसायटीच्या फळ्यावर लावा.

आता तुमचा काळा बोका. असा एक सगळ्यांकडे असतोच. त्याच्यापुढे पिंजरा आठवडाभर नुसता ठेवायचा, दार उघडं ठेवून तारेने पक्कं बांधायचं म्हणजे चुकूनही पडणार नाही. रोजचं सातचं खाणं त्यातच, आधी दारापाशी, मग हळूहळू आत. तो बेफिकीरपणे आत जाऊन खायला लागला की एका संध्याकाळी तार सोडायची.

तरी आला नाही तर वरून पडणारा पिंजरा. लहानपणी टोपली, काडी आणि सुतळी लावून चिमण्या धरायचो ना, तीच युक्ती. लाकडी चौकटीला मच्छीमारांची जाळी ठोकून आमच्या इथल्या सुताराने करून दिला. एक बाजू काठीवर टेकवायची, काठीला दोरी, दोरी आपल्या हातात. मांजर खाली येऊन मान घालून खायला लागलं की ओढायचं. ओढल्या ओढल्या धावत जाऊन चौकटीवर वजन टाकायचं, नाहीतर दांडगा बोका उचलून निघून जातो. चौकटीला एका बाजूला सरकतं दार हवं. त्याला साधा पिंजरा भिडवायचा, चौकट चादरीने झाकायची आणि पिंजऱ्याचं मागचं टोक तेवढं उघडं ठेवायचं. उजेड दिसतो तिकडे तो पळतो, पिंजऱ्यात जातो. याला दोन माणसं लागतातच. आमच्या बोक्याला धरला त्या संध्याकाळी मी दोरी घेऊन पाण्याच्या टाकीमागे उकिडवा बसलेलो, आणि चाळीतली पोरं वरून "काका, ओढा, ओढा!" म्हणून ओरडत होती. दोनदा त्या ओरड्यानेच पळाला. शेवटी मॅच चालू असताना धरला. सगळी पोरं टीव्हीसमोर.

ठेवायचं कुठे म्हणाल तर घरात नकोच. पकडलेलं रानटी मांजर बाथरूममध्ये मोकळं सोडलं तर ते खिडकीच्या काचांवर चढतं, मग तुम्ही आंघोळीला कुठे जाणार? पिंजऱ्यातच ठेवा. तुमची पंपाची खोली बघा. पाणी शिरत नाही, किल्ली एकाकडेच राहते आणि पंपाचा दणका फार नाही, एवढं असेल तर पुरे. खाली विटा, वर पिंजरा, वरून चादर. बोक्याला एक रात्र पुरते, त्याचं पोट उघडत नाहीत. भाटीला दोन-तीन दिवस. टाक्यातून रक्त, सूज, उलट्या किंवा खाण्याला तोंडच न लावणं दिसलं तर फोन करायचा, वाट बघायची नाही. आणि जिथून धरलं तिथेच सोडायचं. मागच्या गॅरेजचं मांजर पुढच्या गेटशी सोडू नका.

बोका सोडल्यावर लगेच निकाल मागू नका. काही आठवडे त्याच्यात बीज शिल्लक असतं आणि मुताचा उग्र वासही हळूहळूच कमी होतो. सभेत हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर चौथ्या दिवशी कोणीतरी नाक धरून दारात उभा राहील.

हातमोजे वेल्डिंगवाले वापरतात ते चामड्याचे घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. तरीही चावलं किंवा ओरबाडलं तर हळद-चुना काही नको. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची इंजेक्शनं सुरू करायची. मांजराचा दात सुईसारखा खोल जातो. वरून टिंबाएवढं दिसतं आणि आत पू धरतो.

गणपतीचं म्हणाल तर शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. आमच्या लालबागला त्या दिवसांत माणसालाच हलता येत नाही, पण तुमच्याकडेही ढोल-ताशे आणि फटाके सुरू झाले की मांजरं दडून बसतात, चार-चार दिवस खायला येत नाहीत.

सडेतोड_६१:

आमच्याकडे पुन्हा आली का विचारलंत. आली. सध्या चार आहेत. खर्च किती येतो ते सांगा.

लालबागचा_कंडक्टर:

साहेब, दवाखान्यागणिक वेगळा, म्हणून आकडा लिहीत नाही. भाटीचा बोक्यापेक्षा जास्त, कारण पोट उघडायचं असतं. संस्थांकडे कमी लागतो, कधी फुकटही होतं, पण नंबर लावावा लागतो. महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात आधी विचारा, सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज द्या. आम्ही दर खोलीमागे वर्गणी काढली. सगळ्यात आधी पैसे दिले ते मांजरांच्या नावाने सकाळ-संध्याकाळ बोटं मोडणाऱ्या आमच्या शेजारणीने. चारच असतील तर आत्ताच करून टाका, स्वस्तात सुटाल.

ए_विंग_तळमजला:

काल सासूबाई आणि वरच्या आजींची बैठक झाली. सातची वेळ दोघींना पसंत नाही, कारण मालिका. साडेसहा ठरलं. वॉचमनला वही दिली आहे, त्याने पहिल्याच दिवशी चौदा मोजली. पांढऱ्या बोक्याला त्याने "भाटी, पोटुशी" लिहिलंय, पण तो नुसता जाडा आहे. दवाखान्याने पुढल्या महिन्यात बुधवार-गुरुवार असे दोन-दोन पिंजरे घेऊ म्हटलंय, चिंधी सगळ्यात शेवटी. सुकट भाजायला आमच्याकडे बंदी आहे, ते वॉचमनच्या खोलीत होईल.

पिंजरा मात्र कुठेच नाही. ठाकुर्ली, कल्याण, दिवा भागात कुणाकडे उसना मिळेल का? अनामत देऊ.

लालबागचा_कंडक्टर:

आमचे दोन आहेत. एक परळला गेलाय, तो मंगळवारी परत येईल. दुसरा घेऊन जा, अनामत नको. पायपट्टी जरा जड झाली आहे, तेवढं तेल घाला. हलकं पिल्लू वरून चालून गेलं तरी दार पडत नाही. आणि गर्दीच्या वेळी लोकलमध्ये चढवू नका. दुपारी या.

ए_विंग_तळमजला:

शनिवारी दुपारी माझा नवरा येईल. चादर घेऊनच पाठवते, रिकामा पिंजरा बघूनसुद्धा लोक शंभर प्रश्न विचारतील.